खेळाच्या ॲपने आपोआप कापलेले १,४९९ रुपये परत मिळाले, त्याची गोष्ट

३० सप्टेंबर २०२५ ला सकाळी बँकेचा मेसेज आला, १,४९९ रुपये जमा. कापले गेले होते १७ ऑगस्टला, म्हणजे ४४ दिवस लागले. या ४४ दिवसांत चार वेळा चॅट, अकरा मेल, एक बँकेची फेरी, तीन वेळा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन, आणि मधले दोन दिवस तर असे होते की आता सोडूनच द्यावं असं पक्कं ठरवलं होतं. तेव्हा कुणीतरी हे सगळं मराठीत क्रमाने लिहिलेलं सापडलं असतं तर मला खूप आधार वाटला असता, म्हणून लिहायला बसलेय. कंपनीचं नाव देत नाहीये.

सुरुवात ऑगस्ट २०२४ ची. माझे बाबा रिटायर झाल्यापासून युरोपातलं फुटबॉल बघतात, आणि नुसतं बघत नाहीत, लिहून ठेवतात. त्यांची निळ्या पुठ्ठ्याची एक डायरी आहे, तिच्यात तारीख, दोन्ही संघ, स्कोअर, गोल कुणी कितव्या मिनिटाला केला, सगळं बारीक अक्षरात. पूर्ण बघितलेली मॅच पेनाने लिहायची, आणि जी बघता आली नाही, स्कोअर पेपरातून घेतला, ती पेन्सिलने. हा त्यांचा नियम. डायरीचं आत्ता सांगून ठेवते कारण पुढे ती कामाला आली.

तर १७ ऑगस्ट २०२४ ला, शनिवार होता, सीझन सुरू होत होता म्हणून मी टीव्हीवर ॲप टाकून दिलं. लॉगिनसाठी मोबाइल नंबर किंवा ईमेल मागितला. टीव्ही आणला तेव्हा सेटअपसाठी बनवलेलं एक जीमेल टीव्हीत आधीच होतं, स्क्रीनवर तेच दिसलं, रिमोटने एकेक अक्षर टाइप करण्यापेक्षा बरं म्हणून मी त्यावरच ओके दाबलं. वर्षाचा प्लॅन ऑफरमध्ये ५९९ ला होता. क्यूआर आला, फोनने स्कॅन केला, यूपीआय पिन टाकला, झालं. दोन मिनिटांचं काम.

पिन टाकायच्या आधी जी स्क्रीन येते ना, तिच्यावर खाली लिहिलेलं असतं ‘ऑटोपे’, ‘दर वर्षी’ आणि ‘कमाल रक्कम’. माझ्या वेळी कमाल रक्कम १,४९९ होती. म्हणजे आज ५९९ कापा, पण पुढच्या वेळी १,४९९ पर्यंत कापायला माझी परवानगी आहे, असा त्याचा अर्थ. मी ५९९ चा आकडा बघितला आणि पिन टाकला. तुम्ही कुठलंही सबस्क्रिप्शन यूपीआयने घेत असाल तर त्या एका स्क्रीनवर दहा सेकंद थांबा आणि कमाल रक्कम वाचा, पुढच्या वर्षी किती जाणार ते तिथेच कळतं.

सुरुवातीचे दोन-तीन महिने छान गेले. नोव्हेंबरपासून मात्र मॅच अडकायला लागली. सिनेमा, मालिका त्याच टीव्हीवर, त्याच वायफायवर मख्खनसारख्या चालायच्या आणि मॅच लावली की गोल गोल चक्र फिरत बसायचं. याचं कारण मला नंतर वाचून कळलं. सिनेमा आधीच तयार असतो, त्यामुळे ॲप पुढचे काही मिनिटं डाउनलोड करून ठेवू शकतं, मधे नेट जरा डळमळलं तरी आपल्याला कळत नाही. लाइव्ह मॅचमध्ये पुढचं काही अस्तित्वातच नसतं, हातात फक्त थोड्या सेकंदांचे तुकडे असतात, आणि एक तुकडा उशिरा आला की चित्र थांबतं. त्यात एकाच वेळी लाखो लोक तेच बघत असतात. हे तुकडे बनवण्यात आणि पोचवण्यात वेळ जातो, म्हणून टीव्ही चॅनलपेक्षा ॲपवरची मॅच मागे असते, शेजारच्या घरातून ओरडण्याचा आवाज आला की बाबा म्हणायचे, ‘झाला गं गोल, आपल्याकडे येईल आता’.

त्या काळात मी पहिल्यांदा त्यांच्या चॅटवर गेले. आधी बॉट, मग एजंट. ‘मॅम, कॅशे क्लिअर करा. ॲप काढून परत टाका. राउटर बंद करून चालू करा.’ सगळं केलं, एकदा नाही, तीनदा. राउटरपासून टीव्हीपर्यंत केबल ओढली. ‘तुमचा इंटरनेट स्पीड कमी असावा’ असं उत्तर आलं, तेव्हा स्पीड टेस्टचा फोटो पाठवला, ९० च्या वर एमबीपीएस होता, एचडी मॅचला त्याच्या दहावा हिस्साही पुरतो. त्यावर ‘तुमची तक्रार तांत्रिक टीमकडे पाठवली आहे’ आणि तीन दिवसांनी तिकीट, म्हणजे त्यांच्याकडची तक्रारीची नोंद, ‘सोडवले’ म्हणून आपोआप बंद. डिसेंबर ते एप्रिल असं पाच वेळा झालं. एप्रिलमध्ये बाबांच्या डायरीचं एक पान मी बघितलं, वरपासून खालपर्यंत पेन्सिल. मला फार वाईट वाटलं. रात्री दीड वाजता माणूस मॅचसाठी जागा राहतो आणि शेवटी सकाळी पेपरातून स्कोअर उतरवून घेतो.

मेमध्ये सीझन संपल्यावर आम्ही ठरवलं की पुढच्या वर्षी हे ॲप नको, डिशवर स्पोर्ट्सचे चॅनल घेऊ. टीव्हीत जागा कमी होती म्हणून ॲप काढून टाकलं. मग मी फोनवर तेच ॲप उघडलं, माझ्या मोबाइल नंबरने ओटीपी टाकून आत गेले, प्लॅन बंद करायला. तिथे लिहिलेलं होतं ‘तुमचा कोणताही प्लॅन सुरू नाही’. मला वाटलं, चला, सीझनबरोबर तोही संपला असेल, बंद करायची कटकटच नको. खरं तर प्लॅन ऑगस्टपर्यंत होता, म्हणजे मेमध्ये तो दिसायलाच हवा होता. ही गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी सहाच्या सुमारास मेसेज, १,४९९ रुपये डेबिट. मी आधी घाबरले की काही फ्रॉड झालाय. मग नाव बघितलं तर हेच ॲप. लगेच फोनवर ॲप उघडलं, तिथे अजूनही ‘कोणताही प्लॅन सुरू नाही’. म्हणजे पैसेही गेले आणि प्लॅनही नाही! तशीच चॅटवर गेले. फोन नंबर कुठेच नाही, फक्त चॅट, आणि तीन मिनिटं तुम्ही काही टाइप केलं नाही तर चॅट बंद होतं आणि परत पहिल्यापासून रांगेत. म्हणून एक सांगते, चॅट सुरू करायच्या आधी आपली सगळी गोष्ट नोट्समध्ये लिहून ठेवा, स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये काढून ठेवा, म्हणजे विचारलं की चिकटवता येतं. आणि चॅट संपल्यावर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या, कारण माझ्या बाबतीत विंडो बंद केल्यावर जुनं चॅट परत दिसलं नाही.

दोन दिवसांनी, १९ ऑगस्टला मेल आला. ‘आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर कोणतेही सबस्क्रिप्शन आढळले नाही. रक्कम कापली गेली असल्यास ५ ते ७ कामाच्या दिवसांत आपोआप परत येईल.’ मला किती हायसं वाटलं! हाच मेल मी पुढे पंचवीस वेळा तरी वाचला असेल, कारण त्यातलं दुसरं वाक्य खरं नव्हतं. व्यवहार फेल झाला तर पैसे आपोआप परत येतात, माझा व्यवहार फेल झालाच नव्हता.

हे मला सांगितलं बँकेतल्या माणसाने. सोमवारी, २५ ऑगस्टला शाखेत गेले. त्यांनी खातं उघडून बघितलं आणि म्हणाले, ‘ताई, हे सक्सेस आहे. पैसे समोरच्याच्या खात्यात पोचलेत. आम्ही तिथून ओढून आणू शकत नाही, ते त्यांनीच परत करायला पाहिजेत.’ यूपीआय ॲपमधून तक्रार टाकली होती तिचंही उत्तर हेच होतं, ‘पेमेंट यशस्वी, मर्चंटशी संपर्क करा’. मग ते म्हणाले, ‘आधी मँडेट बंद केलंत का?’ मला मँडेट म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं.

त्यांनी पाच मिनिटं देऊन समजावलं, त्यांचे आभारच मानायला हवेत. ऑटोपे सुरू करताना आपण जी परवानगी देतो ते मँडेट. ते दोन ठिकाणी असतं, एक कंपनीकडे ‘सबस्क्रिप्शन’ म्हणून आणि एक आपल्या यूपीआय ॲपमध्ये. ॲप फोनमधून किंवा टीव्हीतून काढून टाकल्याने यातलं काहीच बंद होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी वेगळा ओटीपी किंवा पिन लागत नाही, पण कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावीच लागते. मी म्हटलं, मला नाही आली. त्यांनी शांतपणे सांगितलं, मेसेज तपासा. तिथेच बाकावर बसून तपासले. आली होती. १५ ऑगस्टला संध्याकाळी, स्वातंत्र्यदिनाच्या सेलच्या वीस-पंचवीस मेसेजच्या मधोमध. फार लागलं मला ते.

मँडेट तिथेच बसून बंद केलं. यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलमध्ये ऑटोपे म्हणून भाग असतो, त्यात चालू मँडेटची यादी असते, त्यातलं एक उघडून रद्द करायचं, पिन टाकायचा. तुम्ही आज हे वाचताय तर आजच ती यादी उघडून बघा, माझ्या यादीत आणखी एक निघालं जे मी विसरूनच गेले होते. मात्र रद्द करायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यावर यूएमएन नावाचा एक लांबलचक नंबर असतो, मँडेटचा स्वतःचा नंबर. आणि व्यवहाराच्या पानावर १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर असतो. हे दोन नंबर म्हणजेच सगळं आहे, ते कसं ते पुढे येईल. मँडेट रद्द केल्याने गेलेले पैसे परत येत नाहीत, फक्त पुढचे वाचतात.

सात कामाचे दिवस संपले, काही आलं नाही. २९ ऑगस्टला दुसरं तिकीट टाकलं, पहिलं तोपर्यंत ‘सोडवले’ होऊन बंद झालं होतं. दुसऱ्या तिकिटावर एजंटने परत मोबाइल नंबर विचारला, परत म्हणाला सबस्क्रिप्शन दिसत नाही, आणि शेवटी, मला अजून खरं वाटत नाही, ‘मॅम, एकदा कॅशे क्लिअर करून बघा’. मी त्याला लिहिलं की पैसे कापले गेलेत, कॅशेचा काय संबंध. त्याच्यावर राग काढून उपयोग नव्हता, त्याच्यासमोर जी स्क्रीन होती त्यात त्याला खरंच काही दिसत नव्हतं हे मला नंतर कळलं, पण त्या वेळी डोळ्यात पाणी आलं होतं.

१ सप्टेंबरला ठरवलं की चॅट बास, आता तक्रार निवारण अधिकारी. वेबसाइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात नाव-मेल असतं. मेल केला. ३ तारखेला उत्तर आलं, हा विभाग फक्त कार्यक्रमांच्या मजकुराबद्दलच्या तक्रारी घेतो. इथे माझ्यासारखं पुष्कळ जणांचं होत असणार म्हणून नीट सांगते. व्हिडिओ दाखवणाऱ्या ॲपना २०२१ च्या आयटी नियमांखाली एक तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, तो कार्यक्रमात काही आक्षेपार्ह असेल तर त्यासाठी. पैशांच्या तक्रारीसाठी लागतो तो ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० खालचा अधिकारी. दोन्ही पदांचं नाव जवळपास एकच. दुसऱ्याचा पत्ता मला ‘वापराच्या अटी’ या लांबलचक पानाच्या शेवटी सापडला. त्या नियमात आहे की तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. ४ सप्टेंबरला मेल केला. ४८ तास गेले, चार दिवस गेले, पोच नाही.

मग ९ सप्टेंबरला १९१५ लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, राष्ट्रीय सुट्टी सोडून, आणि मराठीत बोलता येतं. थोडा वेळ वाजत राहिलं, मग एका बाई आल्या. ‘बोला ताई, काय तक्रार आहे?’ मी भडाभडा सांगायला लागले, बफरिंगपासून, कॅशेपासून, बाबांच्या जागरणापासून. त्यांनी मला मधे थांबवलं, पण इतक्या मायेने की मला वाईट नाही वाटलं. ‘ताई, आपण एकेक घेऊ. पैसे किती गेले? कधी? व्यवहाराचा नंबर आहे? कंपनीला आधी कळवलंत का, कधी? बरं. आता सांगा, तुम्हाला पैसे परत हवेत का प्लॅन चालू करून हवाय?’

हा शेवटचा प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. तीन आठवडे मी लिहीत होते, पण मला नक्की काय हवंय हे एकाही मेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ‘काहीतरी करा’, ‘हे चुकीचं आहे’, ‘मी खूप त्रासलेय’, असंच सगळं. मी म्हटलं, पैसे परत हवेत, पूर्ण. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर दिला. कागदपत्रं नंतर वेबसाइटवर चढवली, म्हणजे डेबिटचा मेसेज, व्यवहाराचं पान, मँडेटचं पान, ‘सबस्क्रिप्शन आढळले नाही’ म्हणणारी दोन्ही उत्तरं. एक रुपया खर्च आला नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कंपनीला आदेश देत नाही, तक्रार पुढे पाठवते आणि उत्तर मागते. पण कंपनीत ती वेगळ्या टेबलावर जाते, चॅटवाल्यांच्या नाही. फरक तिथे पडतो.

तीन दिवसांत, १२ सप्टेंबरला मला पहिल्यांदा कंपनीतून फोन आला. एस्केलेशन टीम, म्हणजे वरच्या पातळीवर गेलेल्या तक्रारी बघणारे. मी सवयीने मोबाइल नंबर सांगायला लागले तर तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मोबाइल नंबर राहू द्या. बारा आकडी यूटीआर सांगा. आणि मँडेटचा नंबर असेल तर तोही.’ दिला. फोन होल्डवर. चार मिनिटांत परत आला. ‘मॅडम, प्लॅन आहे. तुमच्या मोबाइलवर नाही, एका ईमेल आयडीवर आहे.’ आणि त्याने ईमेलची पहिली काही अक्षरं सांगितली.

टीव्हीचं जीमेल.

म्हणजे त्यांच्याकडे माझी दोन अकाउंट होती. एक टीव्हीतल्या ईमेलचं, त्यावर प्लॅन. दुसरं माझ्या मोबाइल नंबरचं, ज्यावरून मी फोनवर आत जायचे, ते रिकामं. मी आणि चॅटवरची सगळी मंडळी महिनाभर रिकाम्या अकाउंटमध्ये प्लॅन शोधत होतो. मी त्याला विचारलं की स्क्रीनशॉट तर मी पहिल्याच तिकिटात दिला होता, त्यात यूटीआर होता, मग तेव्हा का नाही सापडलं? त्याने सरळ सांगितलं, चॅटच्या टीमला फक्त मोबाइल किंवा ईमेलवरूनच शोधता येतं, पेमेंटच्या नंबरावरून शोधायची सोय त्यांच्याकडे नाही. मला याचा खूप राग आला आणि अजूनही आहे. निदान ‘तुमचं दुसरं एखादं अकाउंट आहे का, ईमेलने कधी लॉगिन केलं होतं का’ एवढा एक प्रश्न तरी कुणी विचारायला हवा होता की नाही!

रात्री ते जीमेल उघडलं, पासवर्ड रीसेट करून. त्यात १० ऑगस्टचा कंपनीचा मेल पडलेला होता, तुमचा प्लॅन १७ ला १,४९९ ला रिन्यू होईल. कुणी कधी न उघडलेल्या इनबॉक्समध्ये. हे लपवत नाही, त्यांनी कळवलं होतं.

त्या मुलाने दोन पर्याय दिले, त्या ईमेलने लॉगिन करून प्लॅन वापरा, किंवा गैरसोयीबद्दल दोन महिने जास्तीचे देतो. रिफंड नाही, कारण अटींप्रमाणे रिन्यू झाल्यावर रिफंड मिळत नाही. बाबा तोपर्यंत डिशवर मॅच बघत होते, नीट चालत होती, आम्हाला ते ॲप नकोच होतं. मी नाही म्हटलं आणि त्या अकाउंटवर टीव्हीतून लॉगिन करायचं नाही असंही ठरवलं, कारण एक मॅच जरी लावली तरी ‘ग्राहकाने सेवा वापरली’ असं झालं असतं.

१६ सप्टेंबरला हेल्पलाइनच्या साइटवर स्टेटस बघितलं तर कंपनीचं उत्तर, ‘ग्राहकाचा प्लॅन सुरू आहे, अडचण दूर झाली आहे’, आणि डॉकेट बंद. मी फोन ठेवून दिला आणि दोन दिवस त्या विषयाकडे बघितलंच नाही. ऑफिसचं काम, घर, आणि त्यात हे. बाबा म्हणाले, ‘अगं, किती जीव काढशील त्याच्यासाठी, सोड आता.’ मी म्हटलं, सोडते.

१८ तारखेला रात्री ते स्वतःच डायरी घेऊन आले. चष्मा लावून समोर बसले. ‘लिही’, म्हणाले. ‘२३ नोव्हेंबर, पूर्वार्ध गेला. ८ डिसेंबर, सत्तराव्या मिनिटानंतर काही नाही. १ फेब्रुवारी, पूर्ण गेली.’ पेन्सिलच्या सगळ्या नोंदी. त्यांना झोप आली म्हणून राहिलेल्या मॅच ते स्वतःच वगळत होते, ‘ही धरू नकोस, ही माझ्यामुळे’. एकूण १४ निघाल्या. त्यातल्या पाच तारखांना माझी तिकिटं होती, मेलमध्ये नंबरासकट. कंपनी दर वेळी विचारायची की अडचण नक्की कुठल्या तारखेला आली, आणि मला कधीच सांगता यायचं नाही. उत्तर घरात होतं.

दुसऱ्या दिवशी आधी १९१५ ला फोन करून सांगितलं की अडचण दूर झालेली नाही, मागणी पैशांची होती, ती नोंदवून घ्या. मग ई-कॉमर्स नियमांखालच्या त्या तक्रार अधिकाऱ्याला मेल लिहिला, आधीच्या सगळ्या मेलपेक्षा छोटा. मराठीत सांगायचं तर असा: ‘१७ ऑगस्टला १,४९९ रुपये कापले गेले, यूटीआर आणि यूएमएन सोबत. त्याच दिवशी मी तक्रार केली. आपण दोन वेळा लेखी कळवलंत की माझं सबस्क्रिप्शन नाही, त्यामुळे मला ते वापरताही आलं नाही आणि रद्दही करता आलं नाही. १७ ऑगस्टनंतर या अकाउंटवरून एकही मॅच बघितलेली नाही, आपल्या नोंदीत तपासा. मागच्या वर्षी सेवा बंद पडल्याच्या १४ तारखा आणि पाच तिकीट नंबर जोडले आहेत. मला पूर्ण रक्कम परत हवी आहे.’ शेवटी डॉकेट नंबर. आणि एक वाक्य, की सबस्क्रिप्शन रद्द करणं अवघड करून ठेवणं हे नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या डार्क पॅटर्नवरच्या (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनांवरच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून दिलेलं आहे, माझ्या बाबतीत तसं झालं असं माझं म्हणणं आहे. कायद्याचा पाढा वाचला नाही, त्रास झाला वगैरेही लिहिलं नाही. लिहावंसं खूप वाटत होतं.

तीन दिवस उत्तर नाही. २२ सप्टेंबरला ई-जागृती पोर्टलवर अकाउंट काढलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार इथून ऑनलाइन टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. दोन वर्षांची मुदत असते. मी तक्रारीचा मसुदा बनवला, एक संध्याकाळ गेली त्यात. खरं सांगायचं तर १,४९९ साठी आयोगात जायची माझी मानसिक तयारी झाली नव्हती, पण मसुदा समोर तयार बघून भीती बरीच कमी झाली. २३ ला कंपनीला कळवलं की ३० तारखेपर्यंत वाट बघेन, नंतर दाखल करेन, आणि मसुदा जोडला. २४ ला १९१५ ला तिसरा फोन, फक्त स्टेटस विचारायला.

२५ सप्टेंबरला दुपारी दोन ओळींचा मेल आला. ‘विशेष बाब म्हणून’ रिफंड मंजूर, ५ ते ७ कामाच्या दिवसांत मूळ खात्यात. चूक झाली असं कुठे म्हटलेलं नव्हतं. मी दोनदा वाचला आणि बाबांना हाक मारली. तरी हे ‘५ ते ७ दिवस’ मी आधी एकदा ऐकलेलं होतं, त्यामुळे ३० तारखेला प्रत्यक्ष मेसेज येईपर्यंत विश्वास बसला नाही. आला. बाबांनी तारीख विचारून घेतली आणि डायरीत त्या दिवशीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं, १,४९९ परत. पेनाने.

त्यानंतर एक काम राहिलं होतं, ते दुसरं अकाउंट. नुसता प्लॅन रद्द होऊन उपयोग नाही, अकाउंटच काढून टाकायला हवं होतं. त्यासाठी त्या टीव्हीच्या जीमेलवर ओटीपी येतो, तो टाकून विनंती पाठवली, ७ ऑक्टोबरला अकाउंट काढल्याचा मेल आला. ते जीमेलही आता माझ्या फोनमध्ये जोडून ठेवलंय. पहिल्याच दिवशी त्यात आणखी एका ॲपचा रिन्यूअलचा मेल दिसला, २२ ऑक्टोबरची तारीख असलेला. तेही लगेच बंद केलं.